आवडाबाईचे अळिवाचे लाडू

...आन वर मलाच म्हनतात, तुझीच खोड तुला नडली. माझी कसली खोड? मी एक शबुद तरी खोटा बोललो का? मान खाली घातली, एवढंच. मान खाली घालनं हा काय गुन्हा हाय? न्हाय, थांबा, आताच बोलू नका. आदी ऐका, आन ह्याचा शेवट काय झाला ते वळखून दावा. वळखलात तर ही माझी तंबाखूची चंची तुमची. धा वर्सं झाली, चंची माझ्याच कमरंला हाय. गुनाजी, तू गप बस, तू त्या दिवशी धक्क्यावरच व्हतास.

तर तुमाला सांगतो, आमची ही, आवडाबाई. लगीन झाल्यापासनं तिनं माझं नाव म्हनून कदी घेतलं न्हाय. आता नवऱ्याचं नाव कुठलीच बाय घेत न्हाय, पन बाकीच्या निदान "पोराचा बाप" तरी म्हनतात, ही आपली नुसती "अवो". आमी धा-बारा जन पारावर बसलेलो, लांबनं हिची हाक येनार, "अवो, ऐकलं का", की धाच्या धा जन माना वळवनार आन मी न्हाय! मी शेजारच्याला म्हननार, जा रं बाबा, तुला बोलवत्यात. ती डोक्यावर मोळी घिऊन उनात उबी, मी सावलीत. चाळीस वर्सं हा खेळ चालला. मोळी मंग कोन न्यायचं? तीच. पानी तीच, मिठागरावर मिठाच्या टोपल्या तीच, आन रातच्याला सगळ्यांना वाढून भांड्याच्या बुडाला जे चिकटलेलं ऱ्हाईल ते खरवडून खायचं, ते पन तीच.

व्हता व्हता पन्नाशी उलटली आन बाय बसली. गुडघे कसे, तांदळाच्या भाकरीवानी टम्म फुगलेले, हात लावावा तर तव्यावानी गरम. अंगात त्रान म्हनून न्हाय. विहिरीवरनं आली की भिताडाला टेकून घटकाभर नुसती श्वास मोजत बसायची. "काय झालं गं?" "काय न्हाय वो, वय झालं." आन पुन्ना चुलीपुढं.

तिचा जीव अडकलेला एका गोष्टीत. आमची लेक कमळ, मुंबईला दिलेली, तीन वर्सं तोंड बगितलं नव्हतं. ही म्हनायची, एकदा कमळच्या घरी जाईन, पाटावर बसंन आन लेकीच्या हातचं गरम गरम खाईन, कुनाला वाढनार न्हाय. बस, एवढंच मागनं. म्हनून दिवाळी झाली तसा मी तिला रेवसच्या धक्क्यावर नेली. गाठोडं आदी लाँचीत चढवलं. आन ओहोटी हो! पानी गेलेलं खाली, पायऱ्या शेवाळलेल्या, तिथनं पाय उचलून लाँचीत टाकायचा. पाय उचलंच ना. मागनं लोक वरडतात, लाँचवाला भोंगा वाजवतो, एक खलाशी म्हनाला, "म्हातारे, पोत्यासारकी उचलून टाकू का?" ती मागं सरली. लाँच गेली. आन गाठोडं एकटंच भाऊच्या धक्क्याला जाऊन तिसऱ्या दिवशी परत आलं. त्यातले सुक्या कोळंबीचे सोडे बी गेले तसेच परत आले!

मी हसलो. ती न्हाय हसली. धक्क्यावर बसली आन म्हनाली, "आता माझं जानं व्हायचं न्हाय का वो?" मंग मात्र मलाच पुढं हसू येईना.

म्हनून नेली दयाराम वैद्याकडं. त्यांनी नाडी धरली, गुडघे चाचपले आन माझ्याकडं असं बगितलं, जसा काय मीच तिच्या गुडघ्यात खिळे ठोकलेत. "येसाजी, हिनं जन्मभर काय खाल्लं?" "आमी खातो तेच." "तुम्ही खाऊन उरतं ते. ह्या वयात बाईचं अंग कोरडं पडतं, सांध्यांना सूज धरते. हिला चाळीस दिवस बाळंतिणीसारखं ठेवा. अळीव, डिंक, मेथी, सुंठ, खारीक. हळद घालून दूध. उंडीच्या तेलानं चोळा, निर्गुंडीच्या पाल्यानं शेका. सूज उतरली की रोज थोडं थोडं चालवा. आणि चुलीपुढं बसू देऊ नका."

वाटंत मी म्हनलं, आनतो सामान. तर ही भडकली. "नातवंडं झाली मला, आन आता अळिवाचे लाडू खाऊ? गावाला वाटंल म्हातारी बाळंत झाली. मरंन पन खानार न्हाय." आता बोला! जीव गेला तरी चालंल, पन अळीव पोटात जाता कामा न्हाय. का, तर ते फकस्त बाळंतिनीनं खायचं.

मी गेलो बाजाराला, गुजराती शेठच्या दुकानात. शेर अळीव द्या, डिंक द्या, खारीक द्या. शेठच्या डोळ्यात लगीच चमक. "अरे वा, येसाजी! घरमां बाळंतपण छे?" मी म्हनलं, "घरचंच हाय." "सून आली काय मुंबईहून?" "न्हाय, पोरगा-सून तिकडंच." "पोरगी?" "न्हाय, ती बी तिकडंच." "मग घरात कोण हाय?" "मी, आन ही." शेठची तागडी हातात तशीच लोंबकळली. आन मागं उबी कोन? तर शेजारची केसर, गोडंतेल घ्यायला आलेली. मी काय बोललो? काय न्हाय. मान खाली घातली. जरा लाजल्यासारकं केलं आसंल, पन ते अंगातच हाय माझ्या.

आता मी म्हातारा मानूस, सामान खांद्यावर, हळूहळू येनार. केसर उडत गेली. मी घरी पोचलो तर ओटीवर बायकांचा हा घोळका. कोनी टोपरं आनलंय, कोनी लंगोट शिवलेत, माझी सख्खी भन गोदू, पासष्ट वर्सांची, दुसऱ्या पाड्यावरनं काठी टेकत आलेली, ती म्हनते, "येश्या, मेल्या, ह्या वयात?" आन मधी आवडाबाई, भिताडाला टेकून बसलेली, तोंडावर पदर. मला वाटलं रडते. म्हनलं, येसाजी, आज तुजं काय खरं न्हाय.

पदर काडला. डोळे कोरडे ठक्क. सगळ्यांकडं एकदा बगितलं, मंग माझ्याकडं. आन शांतपनी म्हनाली, "गावाला वाटलं ना एकदा? मंग आता कसली लाज. करा लाडू. आन बाळंतीन चुलीला शिवत नसती. तुमी करा."

तुमाला सांगतो, चाळीस दिवस! मी, येसाजी, चार हात उंच, ज्यानं कदी तपेली उचलली न्हाय, तो पाटंला उटून नारळ खवतोय, गूळ चिरतोय. पयले लाडू असे झाले की कुत्र्यानं हुंगून तोंड फिरवलं. ती खायची, आन म्हनायची, "कडू झालाय, पन गरम हाय." मंग उंडीचं तेल. त्याचा वास तुमाला ठावं हाय? मचव्याला लावतात त्ये. ते चोळून चोळून माझ्या हाताला असा वास, की पारावर कोनी मला जवळ बसू देईना. मंग पाल्याचा शेक, मिठाची गरम पुरचुंडी, आन मधनंमधनं केसर कुडनावरनं डोकावनार, "काय येसाजीमामा, बाळबाळंतीन खुशाल?" मी काय बोलनार? मान खाली.

पन सूज उतराया लागली हो. पंधरवड्यात गुडघ्याची वाटी दिसाया लागली. तोंडावर जरा तेज. एक दिस ती आंगनातल्या चाफ्यापत्तुर जाऊन आली आन धाप न्हाय लागली.

आन बाराव्या दिवशी काय झालं ते ऱ्हायलंच की. बायका पाळना घिऊन आल्या. चेष्टाच करायची तर पुरी करू, असा बेत. गोदू म्हनाली, "बाळ कुठाय?" आवडाबाईनं बोट दावलं. माझ्याकडं! "हाच. चाळीस वर्सं सांबाळतेय, अजून चालाया शिकला न्हाय, हाक मारली तर वळत न्हाय." झालं. टोपरं माझ्या डोक्यावर, बंद हनुवटीखाली. पाळन्यात काय मी मावलो न्हाय, पन बसवला मला त्याला टेकून. नाव ठेवायचं आत्यानं, म्हंजे गोदूनं. "काय ठेवू गं नाव?" आवडाबाई म्हनाली, "बारक्या." गोदूनं माझ्या कानात कुर्र केलं, आन पाठीत धपाटे घालतात ते खरं म्हंजे आत्याला, पन सगळे पडले मला. सात-आठ बायकांचे, आन त्यातल्या चार मिठागरावरच्या.

मी म्हनलं, हसतील, इसरतील.

चाळीस दिवस झाले, मंग आनखी दोन म्हैने ती रोज खाडीपत्तुर चालायची, आन आपलं ताट आदी वाढून घ्यायला शिकली. गुडघे पुरते बरे झाले आसं मी न्हाय म्हनत, अवसेपुनवंला अजून कुरकुरतात. पन पावसानं लाँची बंद व्हायच्या आदी, वैशाखात, मी तिला पुन्ना धक्क्यावर नेली. आन तीच ओहोटी, तेच शेवाळ, तोच खलाशी. मी हात पुढं केला तर म्हनाली, "व्हा बाजूला." साडी जरा वर खोचली, पाय उचलला, आन टाकला लाँचीत. दुसरा टाकला. बसली गाठोड्याशेजारी, जशी काय लाँच तिच्या बापाची.

माझं काय तरी झालं डोळ्यात, खारं वारं असतं तिथं. मी तोंड फिरवून गर्दीत घुसलो. लाँच सुटली, आन तिला आटवलं. उबी ऱ्हाऊन हाक मारली, चाळीस वर्सांत पयल्यांदा नावानं, अख्ख्या रेवसच्या धक्क्यावर, शंभर-सव्वाशे मानसांत...

"ए बारक्याऽ! कोंबड्या कोंडल्यास का?"

शंभर माना वळल्या, आन सगळ्या माझ्याकडं. आता शेजारच्याला कसं म्हननार, की जा रं, तुला बोलवत्यात? गावात बारक्या एकच. त्या दिवसापासनं येसाजी म्हनून मला कोन हाक मारत न्हाय, शेठ बी न्हाय, माझी नातवंडं बी न्हाय, आन ही तर सकाळपासनं दिवेलागनीपत्तुर मारते, आन मला पयल्या हाकंला उठावं लागतं.

मी काय बोललो? काय न्हाय. मान खाली घातली, आन कोंबड्या कोंडायला गेलो.