गडवा एकवीसचा, पॅकिंग तीनशेचं

कामरगावच्या स्टँडवर ज्योत्स्ना मोबाईल चाळत बसली होती. मागच्या बाकावर दोन अनोळखी बायांची जुंपली आणि तिचं बोट जागीच थांबलं.

“मोबाईलवरच्या लिलावात पान्याचा पितळी गडवा घेतला. एकवीस रुपयात सुटला, अन् पोष्ट-पॅकिंगचे लावले तीनशे.”

“मंग? एकवीस रुपयात पितळ कोन देते, बाई?”

“मंग लिलाव कायले मांडला?”

“वरची बोली कोनं लावलीच नाही, त्याले इकनारीनं काय कराव?”

“तीनशे रुपयात तर मीच जाऊन घेऊन आली असती.”

“अवं, दुकानातून खोकं मांगून आना, चिकटपट्टी लावा, गडवा चेपू नये म्हून सोयाबीनचं कुटार-भुसा ठासून भरा. हात भरून येतात.”

“खोक्यात कुटार होतं, हे तुमाले कसं मालूम?”

“थांबा, माही इंझोरीची गाडी लागली.”

“खोक्यावर धाडनारीच्या पत्त्यातबी इंझोरीचंच नाव होतं.”

मागं घाईनं पिशवी उचलल्याचा आवाज झाला. ज्योत्स्नानं मान वळवली नाही; पुन्हा गडवा घेणारीच बोलली.

“चाला. मीबी त्याच गाडीनं जाऊन राह्यली. मले घरी पोचवाचं तिकीट तुमीच काढा. पॅकिंग करू नोका.”