डॉक्टर विचार करत होते

एका शिंप्याच्या धाकट्या लेकीला जुळं झालं त्या वर्षीची गोष्ट. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या त्या म्हाताऱ्याने कान टवकारले. शेजारी एक दुकानदार खेड्यातल्या दूधवालीशी वाद घालत होता.

“खेडोपाडी वेगवान इंटरनेट सरकारने का द्यावं, वहिनी? पोरं सिनेमेच बघणार!”

“तुमची काय अभ्यास करतात, भाऊ?”

“अहो, पण कंपन्यांना परवडत नाही.”

“म्हणून तर सरकार हवं. सासऱ्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा फोनवर डॉक्टर दिसले. सगळं सांगितलं. ते गालाला हात लावून गप्प.”

“मग?”

“विचार करतायत म्हणून आम्हीही गप्प. पोरांनासुद्धा दटावलं.”

“आणि?”

“चित्र अडकलं होतं.”

“कळलं कसं?”

“त्यांच्या मागे घड्याळ होतं. काटा हलेना.”

शिंप्याचा नंबर पुकारला, पण तो उठला नाही.

दूधवालीचे सासरे त्याच दुपारी वारले होते.