तिसऱ्या मजल्यावरचं बाकडं

(सुकापूर. इमारतीचा तिसरा मजला. विनायक दारात बसून सोसायटीची पाटी लिहितायत. शेजारची आभा कॉलेजातून आली आहे.)

आभा : पॅसेजच लिहा ना काका. सगळे तेच म्हणतात.

विनायक : सेक्रेटरीला मराठीत हवंय. तू इंग्रजी शिकतेस, अर्थ बघ मोबाइलवर.

आभा : थांबा... जाण्याची वाट. बोळ. समुद्रप्रवास. परीक्षेतला उतारा. काळ जाणं, तेपण.

विनायक : एकाच शब्दाला एवढी कामं! आला कुठून?

आभा : फ्रेंचमधून. आणि त्याच्या मागे लॅटिन ‘पासुस’. म्हणजे पाऊल.

विनायक : पाऊल. एक माणूस चालेल एवढी जागा.

आभा : एवढीच असं नाही हं.

विनायक : चौघं एकाला उचलून नेत असले तर?

आभा : काका, नका ना.

विनायक : स्ट्रेचर वळेना. तुझ्या बाबांनी वाटेतलं बाकडं उभं केलं, तेव्हा कुठे तुझी सुमतीकाकू लिफ्टपर्यंत पोचली.

आभा : डॉक्टर म्हणाले की, दोन मिनिटांनी फरक पडला नसता.

विनायक : मला बरं वाटावं म्हणून म्हणाले.

आभा : मग चूक आमचीपण. सगळ्यांची चपलांची कपाटं आत गेली, पण काकूंचं बाकडं राहू दे म्हणून आईच भांडली. भाजी निवडायला सगळ्या तिथेच जमायच्या ना.

विनायक : मीटिंगमध्ये हात मीपण वर केला होता. तिला घरात उकडायचं.

आभा : आई अजून बसते तिथे. काल एकटीच होती.

विनायक : माहितीय. दाराच्या भिंगातून दिसते. म्हणून तर महिनाभर पाटी लिहिली नाही. पण कोपऱ्यातले काशिराम परवा दवाखान्यातून घरी आलेत. त्यांना रात्री-अपरात्री न्यायचं झालं तर?

आभा : ...काय लिहिलंत मग?

विनायक : ‘जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवा.’

आभा : बरंय. आणि बाकडं? गच्चीवर?

विनायक : गच्चीवर कशाला? हॉलमध्ये. धर त्या बाजूने. हळू, पाय सैल आहे.

आभा : आईला काय सांगू?

विनायक : भाजी घेऊन आत ये म्हणावं. दार उघडं ठेवतो.