गिरगाव न सोडणारा कॉम्प्युटर

हसू नका, पण त्या दिवशी मला खरंच वाटलं की आमचे कॉम्प्युटर गिरगाव सोडायला तयार नाहीत. ऑफिस नुकतंच गिरगावातून परळला हललं होतं. फाइल्ससाठी परळला नवा सर्व्हर आला होता आणि गिरगावच्या रिकाम्या ऑफिसातला जुना सर्व्हर संध्याकाळी बंद होणार होता. माझं काम एवढंच, की प्रत्येक कॉम्प्युटरवरच्या सर्व्हरच्या यादीत गिरगाव काढून परळ टाकायचं.

टाकलं. तरी पहिलाच कॉम्प्युटर फाइल मागायला गिरगावलाच पळतोय! यादी परत उघडली, तर परळच लिहिलेलं. मग हा जातोय कुठे, आणि का? संध्याकाळी अख्ख्या ऑफिसच्या फाइल्स अडकणार म्हणून मी शेजारच्या ग्लेनला हाक मारली.

"अरे येड्या, यादी तो चालू होताना एकदाच वाचतो," ग्लेन म्हणाला. "नंतर तू काहीही लिही, तो डोक्यात जुनंच धरून बसतो. रिस्टार्ट मार."

मारला, तर गडी सरळ परळला! ग्लेनची कॉलर ताठ. "मशीनला अक्कल नसते रे," म्हणत त्याने फोनवर दोन कटिंगची ऑर्डर दिली.

चहा काही येईना. शेवटी चहावाल्याचाच फोन आला. ग्लेनने स्पीकरवर घेतला.

"साहेब, दोन मजले चढून आलो, आणि तुमच्या ऑफिसला कुलूप? अख्खं गिरगाव चालू आहे, तुम्हालाच कसली सुट्टी?"

ग्लेन माझ्याकडे बघेना.

"ग्लेन," मी विचारलं, "तुझं रिस्टार्टचं बटण कुठेय रे?"