कोट ठेवून राखलेली जागा

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या मंडळीचे पाळक रेव्हरंड मॅकास्किल, व्यासपीठावरील मंडळीचे कारभारी वडीलजन, स्टॉर्नोवेहून या वाऱ्यात मुद्दाम आलेले पाहुणे आणि माझ्या गावकऱ्यांनो,

आधी कबुली देतो. हे भाषण लिहायचं मी तीन आठवडे टाळलं. मासेमारीच्या बोटींवर भटकणाऱ्याला दोराची गाठ जमते, वाक्याची नाही. त्यात सत्कारमूर्तींची खुर्ची रिकामी! तॉरमॉदमामा काल म्हणाले, "सत्कार? माझा? मी कोण?" आणि दार लावून घेतलं.

अडतीस वर्षं मामांनी या चर्चची सेवा केली, आता ते निवृत्त होताहेत. घंटा, शेगडी, कुलपं. एकदा मी घंटेच्या दोरीला लोंबकळलो आणि भर मंगळवारी अर्धं गाव... असो, ते राहू द्या. प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षारस मांडायच्या लांब टेबलावर पांढरी चादर अंथरायचे ते मामाच. पण त्या टेबलाशी ते एकदाही बसले नाहीत. आपल्यापैकी तरी किती जण बसलेत? देवानं जग घडवण्याआधीच आपली माणसं निवडली. आपण त्यांत आहोत अशी खूण मनाला पटल्याशिवाय त्या भाकरीला हात लावायचा कसा?

शोनागमामी समुद्रापलीकडची. तिच्या माहेरची शिकवण वेगळी: हाक सगळ्यांना, ओ देणं आपल्या हाती. चादरीला इस्त्री करताना दोघांची हमखास जुंपायची.

"बोलावल्याशिवाय पंगतीला बसतो तो चोर, शोनाग."

"आणि बोलावूनही बसत नाही तो?"

"त्याला बोलावणं ऐकू आलेलं नसतं."

"मग कान धुऊन या! आणि ती कड नीट धरा, सुरकुती पडतेय."

मी खूप हसायचो तेव्हा.

गेल्या फेब्रुवारीत मामी आजारी अंगानं प्रभुभोजनाला आली. त्या टेबलाशी लावलेल्या बाकाच्या टोकाला बसली आणि शेजारी स्वतःचा कोट ठेवला. मंडळीचे वडील अ‍ॅलिस्टर म्हणाले, "बाई, कोट उचला, जागा हवीय."

"कुणीतरी यायचंय," ती म्हणाली.

मामा दाराशी होते. त्यांनी पाहिलं, ऐकलं, आणि कडी धरून उभेच राहिले. मे महिन्यात मामी गेली.

मी तेव्हा नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ. ती अखेरच्या आजारात असल्याचा निरोप आधीच मिळाला होता. म्हटलं, आणखी एक फेरी करून निघू. मातीनंतर तिसऱ्या दिवशी पोचलो. कुणीतरी पाठीवर हात ठेवला, "ठरलेलंच होतं रे." पाळकसाहेब, माफ करा. तिचं जाणं ठरलेलं असेल, पण ती फेरी मी निवडली होती. हे मामांना सांगितलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. म्हणाले, "तू बोट निवडलीस. मी कडी."

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. चादर दुसरं कुणी अंथरेल, दार दुसरं कुणी राखेल. मग मामांनी उभं राहायचं कुठे? दाराशी थांबायला आता कामाचं निमित्तही उरलेलं नाही.

सूप आणि स्कोनचे गोड पाव करणाऱ्या बायकांचे आभार, आणि माझं हे भरकटणं सोसणाऱ्या तुम्हा सर्वांचेही. शाळा अर्धवट सोडलेला माणूस आहे; अधिकउणं बोललो असेन तर पदरात घ्या, आणि मला...

थांबा. वडील अ‍ॅलिस्टर मागून खुणावताहेत. मामा आलेत. दाराशी आहेत. हातावर मामीचा कोट आहे.

कुणी हाक मारू नका. कुणी वाटही अडवू नका. पुढच्या बाकावरच्या मंडळींनो, जरा सरकून बसता का? दोन जागा लागतील.