जूनचा दोरा

मुलांनो, समजा तुम्ही अमेरिकेतल्या ट्रॉयमधल्या कोरियन दुकानाच्या रांगेत आहात. पुढे रत्नाबाई, त्यांचा मुलगा रवी आणि ट्रॉलीत बसलेला नातू जून. उद्या जूनचा पहिला वाढदिवस. त्याची आई कोरियन; तिच्याकडे पहिल्या वाढदिवसाला बाळापुढे वस्तू मांडतात आणि ते जी उचलेल त्यावरून त्याचं पुढचं आयुष्य कसं असेल ते सांगतात.

"रवी, उद्या त्याच्यापुढे वस्तू मांडाल ना, तेव्हा पेन सगळ्यात जवळ ठेव."

"आई, ही चीटिंग झाली! त्यानं स्वतः उचलायचं असतं."

"तुझ्या सासूबाई काय जवळ ठेवणार?"

"दोरा. दोरा उचलला की आयुष्य मोठं, असं मानतात."

"शिकला नाही तर मोठ्या आयुष्याचं काय करायचं?"

"आई, जन्मल्यावर दोन महिने काचेच्या पेटीत होता हा. विसरलीस?"

"...मग दोराच ठेव जवळ. पेन मी नंतर देईन."

तेवढ्यात जूननं आजीच्या चष्म्याची दोरी दोन्ही मुठींत पकडली आणि काही केल्या सोडली नाही.