आबा, आज लांब जाऊ नका

— न्हाय न्हाय, ते दूध आदी पी, आदर्श. धारोष्ण हाय, गार झालं की फुकट. अनुजाबरोबर पुण्यात कामाला हुतास, माज्या लेकीचा दोस्त, म्हणून धार सोडून दूधकट्ट्यावर बसलोय तुज्यापुढं. तर आमच्या अनुनं केलेला तो म्हशींचा प्रोग्राम डब्यात भरलेला असतोय म्हणतोस — कंटेनर का काय ते — आणि जिथं ठेवलाय ती कंपनी आता गाशा गुंडाळतीया. व्हय, कळलं की. डबा हलवायचा. जागा दोन. एक, कोण आलंच न्हाय तर डबा झोपवणारी — हाक मारली की उठतोय, पर उठायला जरा वेळ घेतोय. दुसरी, डबा कायम जागा ठेवणारी, ती म्हाग. तू म्हणतोस, पयली घ्या काका. शाण्या माणसाचंच सांगणं हाय, मी कुठं न्हाय म्हणतोय?

पर पयली नगो. का म्हंजे? नगो! — बरं, सांगतो. अनुचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणालं, झोपलीया, हाका मारत ऱ्हावा, उठंल. मारल्या की. उशाला बसून घसा बसंस्तवर मारल्या. उठली न्हाय पोरगी. आता ते मोबाईलवर गोल गोल फिरत बसतंय न्हवं, थांबा थांबा करत — ते मला बघवत न्हाय लेका. हाक मारून वाट बघायची, एकदा बघितली, आता न्हाय जमायचं.

काय? रोज सकाळी कोणतरी प्रोग्राम उघडतंय, तुला दिसतंय? शेतकरी वापरत्यात म्हणून खूश झालास व्हय? आरं, कुठलं शेतकरी! सगळी कवाच डेरीच्या ॲपवर गेली. मीच असतोय तो. धारा काढल्या की हात पुसून बसतोय. म्हस रेड्याला दावल्याची तारीख घालायची, मग व्यायच्या दिसात निरोप येतोय — ‘आबा, आज लांब जाऊ नका, म्हस व्यायला झालीया.’ पयल्यांदा माज्यावरच करून बघितलंतं तिनं, ते ‘आबा’ तसंच ऱ्हायलं, पार मुरगूडपातूरच्या सगळ्या शेतकऱ्यास्नी आबा म्हणत सुटली. मी तारीख मुद्दाम दहा महिन्यांमागची घालतोय, म्हंजे निरोप लगीच येतोय. आज बी आला. — म्हस? कुठली म्हस? ती इकली की गेल्या दिवाळीला. दावणीला आता हायती त्या दुभत्या, गाभण एक बी न्हाय.

हे बघ, तू मागतोस तो कोड आला मोबाईलवर, घाल. डबा जागाच ठेव. आणि निरोपात ‘आबा’च्या जागी ते ‘सन्माननीय ग्राहक’ म्हणून नवीन काय टाकणार हुतास, ते नगो. आबा म्हणणारं दुसरं कोण ऱ्हायलंय मला? — आता तू कशाला रडतोस? डोळं पूस, माणसं बघाय लागल्यात. नीघ, पुण्याची गाडी चुकंल. — ओ पावणं, या की, बसा. किती ग्लास दूध?